जुन्या मशीनच्या लॉटसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: मी इंदूरचा, वय 52, पीथमपूरला खासगी नोकरी. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचा नाद आहे. त्यातून वर्षाला 50 हजारांच्या आसपास सुटतात, त्यातून साठलेले 65 हजार बचत खात्यात आहेत. एका शाळेची जुनी लॅब उचललेला भंगारवाला सात बीबीसी मायक्रो (ऐंशीच्या दशकातले ब्रिटिश कॉम्प्युटर) आणि खोकंभर सुटे भाग 1,60,000 ला देतोय. चालू-बंद ठाऊक नाही. घरखर्च महिना 55 हजार, एफडी 3,30,000. बायकोचा विरोध आहे. पण हे भाग आता बनत नाहीत, भाव चढतच जाणार, मग ही गुंतवणूकच झाली ना?

उत्तर: एफडीचं आधी उरकतो, कारण तिथे वहिनींचंच बरोबर आहे. 3,30,000 म्हणजे तुमचा सहा महिन्यांचा खर्च. त्यातून 1,60,000 काढलेत की तीनच महिने उरतात, आणि बावन्नाव्या वर्षी खासगी नोकरी गेली तर दुसरी मिळायला तेवढा वेळ सहज जातो. मुदतीआधी मोडल्याचा व्याजातला फटका वेगळाच. त्या पैशाला हात लावू नका.

आता लॉट. 1984 च्या सुमारास सरकारच्या ‘क्लास’ या शाळांतल्या संगणक-शिक्षणाच्या योजनेतून ही मशीन आपल्या शाळांमध्ये आली, त्यामुळे ती अशी अधूनमधून भंगारात निघतात. तुम्ही म्हणता भाग बनत नाहीत. अर्धं खरं आहे. पॉवर सप्लायमधला जो कपॅसिटर धूर काढून जातो, त्याच्या जागी बसणारा एक्स-2 वर्गाचा नवा कपॅसिटर किरकोळ पैशांत येतो. 74 एलएस मालिकेतले साधे आयसी महाराणी रोडला विचारा, नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा. 6522 या इनपुट-आउटपुट चिपेची सुधारित आवृत्ती अमेरिकेत आजही बनते. खोक्यात यातलं कितीही असलं तरी त्याची किंमत शून्य धरायची. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर नुसते ठेवून वाळतात. साठवलेला तांदूळ जुना होऊन महाग होतो, हे तसे होत नाहीत.

पैसा मोजायचा तो फरांटी कंपनीच्या दोन युएलएंना, म्हणजे खास या मशीनसाठी बनवलेल्या चिपांना (व्हिडिओची आणि सीरियलची), पडद्यावर टेलिटेक्स्टची अक्षरं काढणाऱ्या एसएए 5050 चिपेला आणि काही अंशी 4816 रॅमला. हे खरंच बनायचं थांबलंय. बाहेरून एकटी चिप मागवली की टपाल आणि सीमाशुल्क मिळून चिपेच्या किमतीवर जातं, म्हणून गावातच हाताने तपासून मिळणाऱ्या चिपेला मी थोडा जास्त भाव देईन.

पण ‘भाव चढतच जाणार’ हे मला पटत नाही. व्हिडिओ युएलएच्या जागी बसणारा व्हिडिओन्यूला नावाचा नवा पर्याय हौशी लोकांनीच काढला आहे. जो भाग सगळ्यात जास्त अडतो, त्याचा पर्याय बनवायला लोक सगळ्यात आधी बसतात; तो आला की जुन्याचा भाव अडकतो. शिवाय सोनं कोणत्याही सराफाला विकता येतं, ही चिप घेणारे देशभरात किती निघतील? विकायला बसाल तेव्हा गिऱ्हाईक नव्हे, ओळखीचा माणूसच शोधावा लागेल. तेव्हा गुंतवणूक हा शब्द सोडा. तुमच्या छोट्या धंद्याचा हा कच्चा माल आहे, आणि कच्चा माल धंद्याच्या गल्ल्यातूनच घ्यायचा.

गल्ला 65 हजारांचा. तुमचं एखादं चालू मशीन घेऊन भंगारवाल्याकडे जा, सातांची झाकणं उघडा. सॉकेटमधल्या चिपा एकेक करून आपल्या मशीनमध्ये लावून बघा. भंगारवाला कुरकुर करेल, करू द्या. मशीनमागे 23 हजार मागणाऱ्याने एवढी कळ सोसायला हवी. ज्यांचे बोर्ड गंजलेले किंवा चिपा उपटलेल्या, ती बाजूला. उरलेल्यांतली दोन-तीन मशीन तेवढी मागा, अख्खा लॉट नको. मी 45 हजारांवर थांबेन. राहिलेले 20 हजार गल्ल्यातच असू देत, कारण मशीन घरी आल्यावर रॅम, सॉकेट आणि कीबोर्डच्या कळा यांचा खर्च निघतोच.

दुरुस्तीची कमाई प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवत नसाल तर यंदापासून दाखवा. भागांची बिलं जपलीत तर त्यातून खर्च वजा मिळेल, म्हणून भंगारवाल्याकडूनही सहीशिक्क्याची पावती घ्या. पावती देत नाही म्हणाला तर भाव अजून पाच हजारांनी खाली आणा.