हिश्शाला मुलगी नाही, सहीला मात्र बहीण

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून त्यातला मुख्य भाग असा:

‘मी पंचवीस वर्षांचा आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलगी. गेली तीन वर्षं पुण्यात भाड्याने राहतो, नोकरी करतो. चौदा महिन्यांपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन्स चालू आहेत. ऑफिसात सगळे मला नव्या नावाने ओळखतात, आधार मात्र जुन्याच नावाचं. वडील २०२२ मध्ये गेले. मृत्युपत्र नाही. आजी-आजोबा आधीच वारलेत. मागे आई, दादा आणि मी. आजोबांकडून आलेली साडेचार एकर बागायत अजून वडिलांच्याच नावावर आहे. दादाला सोसायटीचं कर्ज आणि पाइपलाइनसाठी ती एकट्याच्या नावावर हवी आहे. त्याने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवलाय. मी नकार दिला तर म्हणाला, “कायद्यात मुलगा आणि मुलगी दोनच आहेत. तू आता मुलगी राहिली नाहीस, मुलगा तू नाहीस. तृतीयपंथीचं कार्ड काढलंस की आपोआप बाद होशील, त्यापेक्षा आताच सही कर.” आई म्हणते, सही कर आणि मोकळा हो, निदान घरी येता येईल. दिवाळीला गावी बोलावलंय. मला कागदपत्रं बदलून घ्यायची आहेत, पण त्यामुळे हिस्सा जाणार असेल तर थांबू का?’

थांबू नका, आणि सहीही करू नका. आता कारणं सांगते.

तुमच्या दादाच्या मसुद्याचा फोटो तुम्ही जोडलाय तो मी वाचला. त्यात तुमचा उल्लेख ‘लिहून देणार, खातेदाराची कन्या व लिहून घेणार यांची सख्खी बहीण’ असा आहे. म्हणजे हिस्सा मागितला की तुम्ही मुलगी नाही आणि सही हवी असली की सख्खी बहीण. मी तेवीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात जमिनीचे दावे चालवतेय. तुमच्यावर आलेली वेळ तुम्हाला ट्रान्स असल्यामुळे आलेली वाटते आहे. तसं काही अंशी आहेही. पण कागद बघितला तर हे फार जुनं प्रकरण आहे. आपल्याकडे बहिणींनी माहेर तुटू नये म्हणून, भावाची साडीचोळी बंद होऊ नये म्हणून दुय्यम निबंधकासमोर अंगठे उठवलेत. तुमच्या आईनेही कदाचित तिच्या माहेरी तेच केलं असेल, एकदा विचारून बघा. तुमच्या बाबतीत साडीचोळीच्या जागी ‘घरी येता येईल’ एवढंच बदललंय.

आता दादाचा मुद्दा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगा, मुलगी, विधवा, आई असे शब्द आहेत. तिसरा शब्द नाही, हे त्याचं खरं आहे. पण त्यातून तो जो अर्थ काढतोय तो चूक आहे. वारसाहक्क उघडतो तो माणूस मरतो त्या क्षणी. तुमचे वडील २०२२ मध्ये गेले तेव्हा तुमच्या प्रत्येक कागदावर तुम्ही त्यांची मुलगी होता, आणि त्याच क्षणी तुमचा हिस्सा तुमच्याकडे आला. तो ‘येणार’ नाही, आलेला आहे. नंतर तुम्ही नाव बदललं, लिंगाची नोंद बदलली, दाढी वाढवली, तरी मिळालेली मालमत्ता परत उडून जात नाही. आणि समजा उद्या कोणी न्यायालयात तुम्हाला मुलगाच म्हटलं, तरी काय? मुलाचा हिस्सा मुलीएवढाच आहे. तुम्हाला शून्यावर आणायला दादाला असं सिद्ध करावं लागेल की तुम्ही वडिलांचं अपत्यच नाही.

याच कायद्याचं कलम २८ फारसं कोणी वाचत नाही. वारसाला कोणत्याही रोगामुळे, व्यंगामुळे किंवा, या कायद्यात स्पष्ट सांगितलेली कारणं सोडून, इतर कोणत्याही कारणामुळे अपात्र ठरवता येत नाही, असं ते सांगतं. तुम्ही ट्रान्स असणं हा रोगही नाही आणि व्यंगही नाही, पण ‘इतर कोणत्याही कारणामुळे’ हे शब्द तुमच्या उपयोगाचे आहेत. कायद्यात सांगितलेली कारणं कोणती, तर उदाहरणार्थ ज्याची मालमत्ता हवी त्याचा खून करणं. तुमचा दादा तिथपर्यंत तरी गेलेला नाही.

जमीन वडिलोपार्जित की वडिलांची स्वतःची, यावर तुमच्या चुलत्यांनी बरंच काही सांगितलेलं पत्राच्या इथे न छापलेल्या भागात दिसतं. तुमच्या घरात त्याने उत्तर बदलत नाही. स्वतंत्र मालकीची धरली तर आई, दादा, तुम्ही, तिघांना समान. एकत्र कुटुंबाची धरली तर आधी वडिलांसकट चार वाटे कागदावर पाडायचे आणि वडिलांचा चौथा तिघांत वाटायचा. हिशेब पुन्हा एक तृतीयांशावरच येतो. साडेचार एकर म्हणजे १८० गुंठे, तुमचे ६० गुंठे, दीड एकर. मुलींना सहदायक (एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतले वाटेकरी) म्हणून जन्मतः हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती २००५ ची, पण महाराष्ट्राने तो १९९४ मध्येच दिला होता, आणि तुमचा जन्म त्याच्याही नंतरचा. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही मिटवली.

मग तुमचा हिस्सा जाईल तो कशाने? तुमच्या सहीने. नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झालं की ते तुम्हाला एकट्याला रद्द करता येत नाही. दबावाने किंवा फसवून सही घेतली असं म्हणत दिवाणी न्यायालयात जावं लागतं, साधारणपणे खरा प्रकार कळल्यापासून ३ वर्षांच्या आत, आणि दबाव सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. घरात झालेल्या दबावाला साक्षीदार कोण, तर आई. ती तुमच्या बाजूने उभी राहील का, हे तुम्हालाच माहीत.

पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय, दादा म्हणतो की सध्या नोटरीकडे करू, नोंदणी नंतर बघू. नुसत्या नोटरीने शेतजमिनीतला हक्क सुटत नाही, त्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदणीच लागते. म्हणून तो कागद निरुपद्रवी आहे असं समजू नका. उद्या तोच ‘घरगुती वाटणी आधीच ठरली होती’ म्हणून पुढे येतो, आणि तुमची सही बघून न्यायाधीशांच्या कपाळावर आठी पडते. तलाठ्याकडे द्यायचा जबाब, संमतीपत्र, ‘नुसतं कर्जापुरतं’ म्हणून पुढे केलेला कोरा स्टॅम्प, सगळ्याला तेच लागू.

आता कागद बदलण्याकडे येऊ, कारण खरा गुंता तिथे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ आणि त्याखालचे २०२० चे नियम जसे लागू होते, तसा पुढचा तपशील आहे. (ट्रान्स पुरुषाला ‘तृतीयपंथी’ हा शब्द बोचतो, मला कळतं, सरकारी मराठीत सध्या तोच आहे. तेव्हाच्या व्याख्येत ट्रान्स पुरुष स्पष्ट घातलेला होता, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो.) राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज आणि स्वतःच्या लिंगओळखीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. जिल्हाधिकारी त्यावर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देतात. त्या नियमांत वैद्यकीय तपासणी मागता येत नव्हती. कोणी कपडे काढायला सांगितलं, डॉक्टरकडे ‘खात्री’ करायला पाठवलं, तर ते नियमाविरुद्ध होतं. नियमांत सलग बारा महिन्यांच्या वास्तव्याची अट आहे, त्यामुळे तुमचा अर्ज पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, सांगलीला नाही. ही अट तुमच्या पथ्यावर पडली आहे, गावच्या चावडीत आधी बातमी पोहोचणार नाही. अर्ज नाकारला तर ९० दिवसांत अपील आहे.

या पहिल्या प्रमाणपत्रावर ‘तृतीयपंथी’ अशी नोंद येते. ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर दुसरा अर्ज करावा लागतो, रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रासह. इथे कायदा आणि नियम यांची भाषा जुळत नाही. कायद्याच्या कलम ७ मध्ये शस्त्रक्रिया म्हटलंय, तर नियमांत ‘वैद्यकीय हस्तक्षेप’ म्हटलंय आणि त्यात समुपदेशन व हार्मोन्सही धरलेत. तुमचे चौदा महिन्यांचे उपचार नियमांच्या व्याख्येत बसतात. एखादं कार्यालय शस्त्रक्रियेचा आग्रह धरेल, तेव्हा नियमांची ती व्याख्या छापून सोबत जोडा. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालातच असा आग्रह बेकायदेशीर ठरवला आहे. घाई मात्र नाही. हिश्शाच्या दृष्टीने पहिलं प्रमाणपत्र पुरेसं आहे, खरं तर तेही लागत नाही. सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव, क्षेत्र, आकार (शेतसारा) असतो. लिंगाचा रकाना नसतो.

अडचण लिंगाची नसून नावाची आहे. तलाठी वारस नोंद करताना बघणार की मृत्यूच्या दाखल्यातल्या माणसाचं अपत्य म्हणून रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर जे नाव आहे, तेच समोरच्याच्या आधारवर आहे का. तुम्ही आधी आधार बदलून गेलात तर दादाला म्हणायला जागा मिळेल की हा कोण, आमच्या घरात या नावाचं कोणी नाही. म्हणून माझ्या मते क्रम असा ठेवा: वारस नोंदीचा अर्ज आत्ता, आहे त्या जुन्या नावाने, तिघांचीही नावं लिहून, तुमचा तुम्ही करा. कायद्यात ३ महिन्यांत कळवायला सांगितलंय, ते उलटून गेलं म्हणून हक्क बुडत नाही. त्याच आठवड्यात पुण्याचा प्रमाणपत्राचा अर्जही भरा, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. फक्त आधारवरचं नाव फेरफार (वारसांची नावं लावणारी महसुली नोंद) प्रमाणित होईपर्यंत बदलू नका. जुन्या नावाने अर्ज करणं जिवावर येईल, मला कल्पना आहे. पण ते काही महिन्यांचं आहे, दीड एकर जन्माची. आधारवरचा फोटो मात्र लगेच बदला, त्याला कुठलाही पुरावा लागत नाही. चेहरा बदललाय, आणि ‘फोटोतली व्यक्ती ही नव्हे’ हा वाद तलाठी कार्यालयात उभ्या उभ्या सोडवणं कठीण जातं.

फेरफाराची नोटीस निघेल, हरकतीला १५ दिवस असतात. ती ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर पुण्यात बसून बघता येते. दादाने हरकत घेतली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाईल आणि सुनावणी होईल. त्याने गुपचूप दोघांचीच नावं लावून घेतली असतील तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करा. आणि फेरफार म्हणजे मालकी नव्हे, हे लक्षात असू द्या. नोंद हुकली तरी वाटणीचा दावा आणि विक्रीला मनाई मागता येते.

फेरफार पक्का झाला की राजपत्रात नावबदल, मग तो आणि प्रमाणपत्र दाखवून आधार, पॅन, बँक, आणि शेवटी त्याच कागदांवर सातबाऱ्यावर नावदुरुस्तीचा नवा फेरफार. जुन्या आधारची, जुन्या दाखल्यांची एकही प्रत फाडू नका. ट्रान्स मुलं रागाने किंवा सुटकेच्या आनंदाने जुने कागद जाळतात असं मी पाहिलंय. दावा चालवायची वेळ आली की आम्ही वकील डोक्याला हात लावतो. कायद्याने तुम्हाला पहिलं नाव बदलता येतं. मधलं नाव वडिलांचं आहे ते तसंच राहतं, आणि तलाठी तुम्हाला जोडणार त्याच मधल्या नावावरून.

घराचंही सांगते. ट्रान्स व्यक्तीला आईवडिलांच्या, जवळच्या कुटुंबाच्या घरात राहण्याचा आणि त्यातून बाहेर न काढलं जाण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं, तसंच शाब्दिक, मानसिक, आर्थिक छळ करणं हा कलम १८ खाली गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते २ वर्षं आणि दंड. ‘सही कर नाहीतर घरात पाऊल ठेवू नकोस’ हे आर्थिक छळात बसतं असा युक्तिवाद मी नक्की करीन. पण पोलीस ठाण्यात तो पहिल्याच दिवशी करू नका. सख्ख्या भावावर गुन्हा नोंदवला की आई कायमची त्या बाजूला जाते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की पैज लावायला तयार आहे. धमक्यांचे मेसेज मात्र जपून ठेवा.

दादाच्या गरजेवर तोडगा आहे. तिघांची नावं लागल्यावर तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने वाटप करता येतं; त्याचा ६० गुंठ्यांचा गट वेगळा झाला की त्यावर तो कर्ज काढेल, तुमच्या सहीची वाट न बघता. तुमचा हिस्सा त्यालाच खंडाने कसायला देणार असाल तर लेखी द्या, मुदत घालून. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. २०१४ चा तो निकाल ज्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने मिळवला, त्याचीच ही गावाकडची शाखा आहे, त्यांना हे सांगायला संकोचू नका.

दिवाळीला जायचं की नाही हे मी ठरवू शकत नाही. जाणार असाल तर त्याआधी दादाला एवढाच मेसेज पाठवा: ‘हक्कसोड करणार नाही. वारस नोंदीला तिघांची नावं देतोय. वाटप संमतीने करायला तयार आहे.’ उत्तर काहीही आलं तरी त्याचा स्क्रीनशॉट, सातबाऱ्याचा ताजा उतारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) जोडून मला पुन्हा लिहा. वडिलांच्या खात्यात चुलत्यांचं नाव सामाईक आहे का, ते मला त्यावरून बघायचं आहे. पत्रात चुलते जरा जास्तच बोलताना दिसतात.