हातावर टॅटू काढू की नको?

तुम्ही विचारलंय की वय 21 आहे, गावातच राहायचंय, हातावर टॅटू हवा आहे, पण घरचे म्हणतात लोक काय म्हणतील. टॅटूवाल्यांबद्दल खरं मत सांगा.

मी चामोर्शी तालुक्यातला. आमच्याकडे भाताच्या रोवणीला बाया बांधीत वाकल्या की गोंदणानं कोपरापर्यंत हिरवे झालेले हात ओळीनं दिसायचे. त्यांना कधी कोणी नावं ठेवली नाहीत. माझ्या आजीनं जन्मात आजोबांचं नाव तोंडानं घेतलं नाही. रेशन कार्डाच्या वेळी साहेबानं विचारलं, तर तिनं बांगड्या वर सारल्या आणि हात टेबलावर ठेवला. गोंदणारणीनं 'लक्षमन' गोंदलं होतं, कार्डावरही तसंच उतरलं. (काजळी काळीच असते, पण कातडीच्या खालच्या थरात बसते म्हणून वरून हिरवट दिसते. वरचा थर झडून नवा येत राहतो, खालचा तसा झडत नाही, म्हणून गोंदण जन्मभर टिकतं.)

मीही एका जत्रेत त्रिशूळ काढून घेतला. बाबा भडकले, "हे काय थेर?" आजी ओट्यावरूनच बोलली, "काहून बोलतेस गा पोट्ट्याले? मंग मी बी हात कापून टाकू का?" विषय तिथंच संपला.

चूक दुसरीच होती. माझ्या आधीच्या पोराची सुई गोंदणाऱ्यानं फडक्यानं पुसली आणि तीच मला लावली. मी बघत होतो, तरी बोललो नाही. सहा महिन्यांनी बहिणीच्या बाळंतपणात रक्त लागलं, मी द्यायला गेलो, तर रक्तपेढीवाल्यांनी मला परत पाठवलं: गोंदून 12 महिने झाले नाहीत. बरोबरच होतं त्यांचं. सुईतून कावीळ बी, सी, एचआयव्ही येऊ शकतो. पुढं तपासण्या केल्या, काही निघालं नाही, पण रिपोर्ट येईपर्यंत जेवण गोड लागलं नाही.

म्हणून माझा राग टॅटूवर नाही, सुईवर आहे. सोनारानंच कान टोचावे म्हणतात ना, तसंच. पाकीट तुमच्यासमोर फोडून नवी सुई लावत असेल तरच बसा.

सैन्य भरती डोक्यात असेल तर थांबा. तिथं कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागे टॅटू चालतो, दंडावर-मानेवर नाही. आदिवासी पोरांना रिवाजाच्या गोंदणाची सूट आहे.

आणि नाव गोंदणार असाल तर आधी कागदावर लिहून बघायला सांगा. आमच्या कार्डावर अजून 'लक्षमन'च आहे.