त्रिनिदादला जाताय? मग ‘छोटा भारत’ बघायला जाऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत आईवडिलांना घेऊन त्रिनिदादला जायचंय, तिथले निम्मे लोक भारतीय वंशाचे आहेत असं ऐकलंय, आई पूर्ण शाकाहारी आहे, तर निघण्याआधी तिथल्या संस्कृतीबद्दल काय माहीत करून घ्यावं, की बरंचसं आपल्यासारखंच असल्यामुळे फार काही लागणार नाही? मी पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षं नोकरी केली, बिऱ्हाड शगवानसला होतं. लांबलं तर सांभाळून घ्या.

‘आपल्यासारखंच’ हाच खरा घोळ आहे. विमानतळावरून मध्य त्रिनिदादकडे निघालात की घराघरांच्या अंगणात बांबूला बांधलेल्या लाल-पिवळ्या झेंड्या दिसतील. पूजा झाली की तिथले हिंदू त्या उभारतात आणि ऊनपावसात विरेपर्यंत तशाच ठेवतात. दुकानांवर रामपर्साद, महाराज, मोहम्मद अशी नावं. तुमच्या आईंना वाटेल, आपल्याच माणसांत आलो. मग त्या हिंदीत बोलायला जातील आणि समोरचा माणूस नुसता हसेल, कारण त्याला हिंदी येत नाही. भजनं पाठ असतात, सिनेमाची गाणी पाठ असतात, बोलणं मात्र सगळं तिथल्या लयीतल्या इंग्रजीत. ‘फतेल रझाक’ हे पहिलं जहाज ३० मे १८४५ रोजी लागलं. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक मजूर करारावर आले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारातून, कलकत्त्याला जहाजात चढून, आणि थोडे मद्रासहून. मॉरिशससारखी मराठी वस्ती इथे नाही. आता पाचवी-सहावी पिढी आहे. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ म्हटल्यावर ‘प्रिन्सेस टाउन’ असं तिथल्याच एका गावाचं नाव आलं तर ते खरंच उत्तर आहे, पुढे खोदत बसू नका. आडनावावरून जात काढायचा उद्योग तर मुळीच नको. बऱ्याच घराण्यांत पणजोबांचं पहिलं नावच कारकुनाने आडनाव म्हणून लिहिलं आणि तेच टिकलं. चेहरा भारतीय म्हणजे हिंदू, असंही धरून चालू नका. १८६८ पासून कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने मळ्यांवरच्या भारतीय मुलांसाठी शाळा काढल्या, त्यामुळे तिथे ख्रिस्ती रामपर्साद भरपूर भेटतील.

‘निम्मे’ही बरोबर नाही. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे साधारण ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४ टक्के आणि मिश्र वंशाचे जवळजवळ २३ टक्के होते. आपले पर्यटक देवळं बघतात, रोटी खातात आणि उरलेल्या देशाकडे पाठ फिरवून परततात. मला याचा राग येतो, कारण अशाने त्यांना भारतीय त्रिनिदादही कळत नाही.

सगळं एकमेकांत कसं गुंतलंय ते बघा. १७८३ नंतर स्पेनच्या राजाने जमिनीचं आमिष दाखवून फ्रेंच कॅथलिक मळेवाले आणवले. ते गुलाम घेऊन आले आणि मुखवट्यांचे नाचसोहळेही घेऊन आले. १७९७ मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. १८३८ साली गुलामी पूर्ण संपली, मुक्त झालेल्या माणसांनी मालकांच्या मेजवान्यांपुरता असलेला हा सोहळा, म्हणजे कार्निव्हल, मशाली आणि ढोल घेऊन रस्त्यावर आणला. त्याच माणसांनी मळ्यांवर मालकांच्या अटींवर राबायला नकार दिला, म्हणून आपले मजूर आणले गेले. तिथल्या राजकारणात आजही वांशिक कुरबूर दिसते, तिची मुळं इथवर जातात. निवडणुकीचा विषय निघाला तर ऐकून घ्या, मत देऊ नका.

आणि १८८४ हे साल लक्षात ठेवा. कार्निव्हलच्या मिरवणुकीवरून १८८१ मध्ये राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला पोलिसांशी दंगल झाली होती, म्हणून १८८४ मध्ये सरकारने आफ्रिकी वंशाच्या लोकांचे ढोल, मशाली आणि लाठ्या घेऊन जमणं बंद केलं. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सॅन फर्नांडोच्या वेशीवर मोहरमच्या मिरवणुकांवर गोळीबार झाला. मोहरमला तिथे ‘होसे’ म्हणतात. ताबूत घेऊन निघालेल्या मळ्यांवरच्या मजुरांत मुसलमान होते, तसे हिंदूही होते आणि काही आफ्रिकी वंशाचेही. डझनाहून जास्त माणसं मेली. सरकार तेच, भीती तीच. हे कळलं की तिथे ढोल वाजतो तेव्हा माणसं इतकी का उसळतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून वाचनाआधी मी ऐकायला सांगेन. ढोलावर बंदी आली तेव्हा लोक बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरू लागले; १९३० च्या दशकात बिस्किटांचे आणि रंगाचे डबे आले, महायुद्धानंतर तेलाची पिंपं. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा आणि एकेका फुगवट्यातून एकेक सूर काढायचा, हे काम लॅव्हेंटिलसारख्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी केलं. तेच स्टीलपॅन, तिकडे नुसतं ‘पॅन’. फेब्रुवारीत जाताय तर तुमचं नशीब जोरावर आहे. पॅनोरमा या पॅनपथकांच्या स्पर्धेसाठी त्या दिवसांत रोज रात्री पॅनयार्डात, म्हणजे पथकांच्या आवारात, तालीम चालते. ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स हे पथक आहे, शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स. जाऊन एका कडेला उभं राहिलं तरी चालतं. शंभरेक वादक असतात, त्यांत शाळकरी मुली, बँकेतले साहेब, मिस्त्री सगळे. बहुतेकांपुढे कागद नसतो. संगीत बांधणारा माणूस चार मात्रा वाजवून दाखवतो, पुढची रांग उचलते, मग मागची, आणि तोच तुकडा पंचवीस वेळा घोटला जातो. मला स्पर्धेपेक्षा ही तालीम जास्त आवडते. फक्त स्थानिक माणसाबरोबर जा आणि परतीची गाडी आधी ठरवून ठेवा. शहरात गुन्हेगारी आहे, रात्री पायी हिंडू नका.

दुसरं ऐकायचं म्हणजे तासा. आपला ताशाच, होसेला वाजतो आणि हिंदूंच्या लग्नातही. जुन्या पद्धतीचा तासा म्हणजे मातीचं भांडं आणि त्यावर बकऱ्याचं कातडं. वाजवण्याआधी शेकोटी करून सगळे तासे तिच्याभोवती मांडतात, कातडं तापून ताणलं की बोटाने टिचकी मारून बघतात, ढिलं वाटलं की पुन्हा आगीजवळ. एक जण ठेका धरून ठेवतो, दुसरा ‘कटर’ त्यावर मनमुराद वाजवतो, खाली मोठा ढोल, आणि पितळेच्या झांजा. त्यांनाही ‘झांज’च म्हणतात. पुण्याची मिरवणूक ऐकलेल्या माणसाला पहिली दोन मिनिटं सगळं ओळखीचं वाटतं, मग ताल असा काही वळतो की पाऊल चुकतं. या पथकांत आफ्रिकी वंशाची मुलंही असतात. उलट १९७० च्या दशकात लॉर्ड शॉर्टी या आफ्रिकी वंशाच्या गायकाने कॅलिप्सो या तिथल्या जुन्या गाण्यांच्या प्रकारात भारतीय ठेके मिसळले आणि सोका हा नवा संगीतप्रकार जन्मला. सुंदर पोपो या भारतीय वंशाच्या गायकाने लग्नघरातली गाणी स्टुडिओत नेली, त्यातून चटणी संगीत वाढलं. ते कॅरिबियनभर पोचवण्यात मुंबईच्या बाबला आणि कंचन यांचाही हात आहे. वडील क्रिकेटवाले असतील तर १९७१ आठवत असेलच: वाडेकरांचा संघ, चार कसोटींत गावसकरांच्या ७७४ धावा, पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०. त्यावर लॉर्ड रिलेटरने कॅलिप्सो रचला. हरवणाऱ्याचं गाणं करणारे लोक आहेत हे. क्वीन्स पार्क ओव्हलला वडिलांना न्याच.

कार्निव्हल म्हणजे राखेच्या बुधवारच्या (ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो तो दिवस) आधीचे सोमवार-मंगळवार. कागदोपत्री सुट्टी नाही, पण देश बंद असतो आणि हॉटेलांचे भाव दुप्पट-तिप्पट. सोमवारी पहाटे अंधारात ‘जूव्हे’ असतो, चिखल आणि रंग फासून नाचायचं. तो आईवडिलांना घेऊन करायचा कार्यक्रम नव्हे. मंगळवारी सवानाच्या मैदानावर स्टँडमध्ये बसून बघा. कपडे अगदी तोकडे असतील, त्याची कल्पना घरूनच देऊन ठेवा. तिथे त्याचं कुणाला काही वाटत नाही, आपल्या टक लावून बघण्याचं मात्र वाटेल.

आईंच्या जेवणाची काळजी नको. सकाळी गाडीवर ‘डबल्स’ मिळतात: हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (त्यांना ‘बारा’ म्हणतात) आणि त्यांत छोल्यांची आमटी, वरून चिंच, काकडी, आंब्याचा कुचेला. उभ्याने खायचं, बरेचदा पैसे शेवटी. ‘स्लाइट पेपर’, म्हणजे तिखट अगदी थोडं, एवढं सांगा. ती मिरची आपल्या लवंगीलाही ऐकणारी नाही. ‘सहीना’ म्हणजे अळूवडीची सख्खी बहीण, आईंना बघून गंमत वाटेल. कलालू हाही अळूच, नारळाच्या दुधात भेंडी घालून घोटलेला, पण त्यात खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी असू शकते. तेव्हा ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढ्यावर न थांबता आत काय काय घातलंय ते विचारा.

वागण्यातली एकच गोष्ट घोटून घ्या. दुकानात, दवाखान्यात, मॅक्सी टॅक्सीत (तिथली शेअर मिनीबस) शिरताना आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, मग काम. संध्याकाळी भेटतानाही ‘गुड नाइट’ म्हणतात, गोंधळू नका. आपण आत शिरल्या शिरल्या ‘हे केवढ्याला?’ विचारतो, ते त्यांना फार उद्धट वाटतं. मी शेजारच्या बाईंना हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माणूस आत आला आणि बोललाच नाही, तर तो चोर की पाहुणा हे कसं कळणार?’ आणि ‘जस्ट नाऊ येतो’ कुणी म्हटलं तर तासभर धरा.

देवळांपैकी वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ चुकवू नका. सिवदास साधू या ऊसमजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते पाडलं गेलं, त्याला तुरुंगातही जावं लागलं. मग ‘समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही’ म्हणून त्याने दगडमाती नेऊन पाण्यात भर घातली आणि तिथे बांधलं. जवळच कारापिचायमाला दत्तात्रेय मंदिर आणि ८५ फुटी हनुमान आहे. एक वाट वाकडी करून सिपारियालाही जा. तिथल्या कॅथलिक चर्चमधल्या काळ्या माउलीला हिंदू ‘सोपारी माई’ म्हणतात आणि गुड फ्रायडेच्या सुमाराला नवस फेडायला येतात. आपल्या बांद्र्याच्या मोतमाउलीसारखंच.

त्याच देशाच्या टोबॅगो या दुसऱ्या बेटासाठी दोन दिवस ठेवा. समुद्र तिथलाच चांगला, पण ते वेगळं प्रकरण आहे: बहुसंख्य आफ्रिकी वंशाचे, १८८९ मध्ये त्रिनिदादला जोडलेले, आणि त्रिनिदादमध्येच धरलेलं त्यांना फारसं आवडत नाही.

वाचायचंच असेल तर कवी डेरेक वॉलकॉट यांचं १९९२ चं नोबेल भाषण वाचा. ते फेलिसिटी गावच्या रामलीलेपासून सुरू होतं, आणि वॉलकॉट स्वतः शेजारच्या सेंट लुशियाचे. तासाभरात होतं.

दोन रुक्ष गोष्टी. लष्करी छापाचे कपडे, टोप्या, पिशव्या नेऊ नका. तिथे सामान्य माणसाला ते कायद्याने बंद आहेत, लहान मुलांच्या चड्डीलाही सूट नाही. आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घेऊन पिवळा दाखला बरोबर ठेवा. त्रिनिदाद भारत सरकारच्या यादीत आहे, दाखला नसेल तर परतल्यावर विलगीकरणात बसवतात. वडिलांचं वय साठीच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्या वयात ही लस सरसकट देत नाहीत.