जुन्या लिनक्सवर नवं सॉफ्टवेअर: वाचकांचे प्रश्न

सांगली परिसरातली लिनक्सची मशीनं सांभाळायचं काम मी करतो. ‘अनमेट डिपेंडन्सीज’ (सॉफ्टवेअरला लागणारी दुसरी पॅकेजं जुळत नाहीत) असा एरर आलेली पत्रं सारखी येतात, आणि बहुतेक पत्रांत प्रश्न विचारायच्या आधीच कुणीतरी सांगितलेला उपाय करून झालेला असतो. म्हणून या वेळी हेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. कमांड इथे मराठी अक्षरांत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीत टाइप करायच्या. ‘ॲप्ट’ म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं उतरवून बसवणारं उबुंटूचं साधन.

प्रश्न: बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधल्या मशीनवर उबुंटू 19.10 आहे. ‘ॲप्ट अपडेट’ दिलं की ओळीओळीला 404 येतं. इंटरनेटवाला म्हणतो, साइट ब्लॉक झाली आहे. (तासगाव)

काहीही ब्लॉक झालेलं नाही. 19.10 ही नऊ महिन्यांच्या सपोर्टची आवृत्ती, तो जुलै 2020 मध्ये संपला. अशा आवृत्त्यांची पॅकेजं नंतर मुख्य सर्व्हरवरून काढून उबुंटूच्याच ‘ओल्ड रिलीजेस’ या सर्व्हरवर ठेवतात. सोर्सेस डॉट लिस्ट या फाइलमधले पत्ते, सिक्युरिटीच्या ओळींसकट, तिकडे वळवा. अपडेट चालू होईल. मात्र तिथे सुरक्षेची नवी दुरुस्ती कधीच येणार नाही. पुढच्या आवृत्तीवर जाण्यापुरताच त्याचा उपयोग. 20.04 वर जाऊन थांबू नका, तिचाही नेहमीचा सपोर्ट मे 2025 मध्ये संपला. तुमच्या जागी मी असतो तर मालाच्या नोंदी बाहेरच्या डिस्कवर घेतल्या असत्या, त्या दुसऱ्या मशीनवर उघडतात का ते पाहिलं असतं आणि मग 24.04 कोरं टाकलं असतं. बिलिंगचं सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, हे ते बनवणाऱ्याला आधी विचारा.

प्रश्न: ‘कुड नॉट गेट लॉक’ असं येतं. लॉकची फाइल डिलीट करू का? (कोरेगाव)

नाही. एका वेळी एकच इन्स्टॉल चालावं म्हणून ते लॉक असतं. बहुधा मागे आपोआप अपडेट चालू आहे, ते संपेपर्यंत थांबा.

प्रश्न: लॅपटॉपवर उबुंटू 18.04 आहे. प्रोजेक्टसाठी नोड 18 (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) टाकलं, तर ‘जीलिबसी 2.28 नॉट फाउंड’ येतं. मित्र म्हणतो, नव्या उबुंटूची लिबसी-6 ची (म्हणजे जीलिबसीचीच) डेब फाइल, म्हणजे पॅकेजची फाइल, उतरवून ‘फोर्स ऑल’ने बसव. करू का? (मिरज, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

करू नका. मित्राला हे उत्तर वाचायला द्या.

जीलिबसी हे इतर पॅकेजांसारखं एक पॅकेज नव्हे. एलएस, बॅश, सुडो, खुद्द ॲप्ट, जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना आधी तीच लायब्ररी उघडतो. तिच्यासोबत एक लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ररी जोडून देणारा भाग, असतो आणि दोघांची आवृत्ती जुळावीच लागते. ती जुळली नाही तर सुडो चालत नाही, आणि सुडोच नसेल तर केलेलं उलटवायचं कशानं? 18.04 सोबत जीलिबसी 2.27 येते. त्या आवृत्तीतली हजारो पॅकेजं तिच्याशी जुळवून बांधलेली आणि तपासलेली असतात. ‘मला किमान 2.28 लागेल’ असं पॅकेज सांगतं तेव्हा बांधणाऱ्यानं विचारपूर्वक लिहिलेली अट तुमच्यासमोर येत असते. ‘फोर्स’ दिल्यानं ती अट पूर्ण होत नाही, फक्त ती तपासणारा बाजूला होतो.

एका दवाखान्याचं मशीन माझ्याकडे असंच आलं होतं. कुणीतरी कुठल्यातरी साइटवरून डेब फाइल उतरवून दामटून बसवली होती. रीस्टार्टनंतर लॉगिनसुद्धा येईना. लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करून जुन्या फाइली एकेक परत ठेवण्यात माझी अख्खी रात्र गेली. पेशंटच्या नोंदी शाबूत राहिल्या, कारण होम, म्हणजे वापरणाऱ्याच्या फाइलींचं फोल्डर, डिस्कच्या वेगळ्या भागावर (पार्टिशनवर) होतं. ते नसतं तर त्या डॉक्टरांना मी काय सांगणार होतो?

हाच नियम पायथॉनलाही लागू आहे. सिस्टिमचं पायथॉन 3 बदललं की टर्मिनलची खिडकी उघडेनाशी होते आणि ॲप्टची काही साधनं बंद पडतात. वेगळी आवृत्ती हवी तर शेजारी बसवा, मूळ तसंच ठेवा.

तुमच्या कामाला सोपा मार्ग आहे. नोड डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालवा. कंटेनर स्वतःची जीलिबसी घेऊन येतो, तुमच्या सिस्टिमला हात लागत नाही. फ्लॅटपॅक या प्रकारचं पॅकेजही लागणाऱ्या लायब्ररी (रनटाइम) सोबत आणतं, पण ते डेस्कटॉपच्या ॲप्ससाठी. ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये मिळणारं ॲप, मात्र बहुधा सिस्टिमचीच जीलिबसी वापरतं, त्यामुळे इथे त्याचा भरवसा धरू नका. प्रोजेक्ट जमा झाला की आवृत्ती वाढवा: 18.04 वरून 20.04, मग 22.04. मधली पायरी गाळता येत नाही. त्याआधी ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ (अडवून ठेवलेली पॅकेजं) आणि ‘ॲप्ट पॉलिसी’ (पॅकेजं कुठून येतात) यांचं पूर्ण आउटपुट जाणकाराला दाखवा, मजकूर कॉपी करून, मोबाइलवर काढलेला अर्धा फोटो नको. बाहेरचे पीपीए, म्हणजे इतरांनी चालवलेले पॅकेजांचे साठे, जोडलेले असतील तर ‘पीपीए-पर्ज’नं आधी काढा, अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, 18.04 चे अपडेट आता पैसे भरूनच मिळतात. घरच्या मशीनसाठी तो ‘लायसन्स’ काढून देतो म्हणतो. (विटा)

एक रुपया देऊ नका. जुन्या आवृत्तीला पुढेही अपडेट देणारी उबुंटूची योजना म्हणजे उबुंटू प्रो, ती वैयक्तिक वापरासाठी 5 मशीनपर्यंत मोफत आहे, त्यासाठी फक्त स्वतःचं खातं काढावं लागतं. लोकांच्या अज्ञानाचे पैसे घेणं मला चीड आणतं. मात्र प्रोमुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या नाही. त्यामुळे डिपेंडन्सीची अडचण तशीच राहील.

प्रश्न: शाळेच्या लॅबमधली मशीनं 32 बिट उबुंटू 16.04 वर आहेत. 22.04 होईल का? (सातारा)

आधी ‘एलएससीपीयू’ द्या. ‘सीपीयू ऑप-मोड्स’च्या ओळीत 64 बिट दिसलं तर प्रोसेसर चालेल, फक्त सिस्टिम चुकीची टाकलेली आहे. पण 32 वरून 64 वर अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉल करावं लागतं. प्रोसेसर खरोखर 32 बिट असेल तर उबुंटूची नवी आवृत्ती मिळणार नाही. डेबियन 12 मध्ये 32 बिटचा इन्स्टॉलर आहे, ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये तो नाही. सगळी लॅब एकदम करू नका. एका मशीनवर करा, आठवडाभर मुलांना वापरू द्या, शिक्षकांची मराठी टायपिंगची सोय तपासा आणि मग पुढची घ्या.

प्रश्न: ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असं येतं. (कराड)

मशीनचं घड्याळ मागे पडलंय. तारीख नीट करा, आणि बंद केल्यावर ती परत मागे गेली तर मदरबोर्डवरचा 2032 नंबरचा सेल बदला.

प्रश्न: अपग्रेड चालू असताना लाइट गेली. आता काहीच इन्स्टॉल होत नाही. (वाळवा तालुका)

मशीन चालू होतंय ना? मग आधी डेटाची कॉपी घ्या. नंतर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, याच क्रमानं. दुसऱ्या कमांडनंतर काय काय काढणार त्याची यादी समोर येते. ती पूर्ण वाचल्याशिवाय वाय दाबू नका. त्यात ‘उबुंटू-डेस्कटॉप’ किंवा ‘पायथॉन 3’ दिसलं तर एन दाबा आणि ती यादी जशीच्या तशी मला पाठवा. पुढचं अपग्रेड इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मशीनवरच करा.