दोर आणि दोरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दीड वर्षापूर्वी क्लाइंबिंग सुरू केलं. तेव्हापासून कॉलेजची ३० लिटरची सॅकच वापरत होतो. आठ महिन्यांत तिचा तळ गेला, मग डाव्या खांद्याचा पट्टा मुळापासून उसवला. आता नवी घ्यायची आहे. सामान म्हणजे ६० मीटरचा रोप, १२ क्विकड्रॉ (रोप कातळातल्या बोल्टला अडकवायच्या जोडकड्या), हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), शूज, हेल्मेट. ग्रुपमधला एक सीनिअर म्हणतो, ‘हजार डेनिअरची घे, डोळे झाकून.’ घेऊ का?

उत्तर : डोळे झाकून तर मुळीच घेऊ नका. सॅक ही उलटी करून, आतून बघून घ्यायची वस्तू आहे.

तुमच्या सीनिअरचं अगदीच चुकतंय असं नाही, पण त्याचं लक्ष चुकीच्या जागी आहे. गेली अठरा वर्षं आमच्या ग्रुपच्या सॅक माझ्या शिलाई मशीनखालून जातायत. कोणी हौसेनं दिलेलं काम नाही हे. एकदा कोणाची तरी शिवून दिली आणि तेव्हापासून गळ्यात पडलं. इतक्या वर्षांत मधोमध कापड फाटलं म्हणून आलेल्या सॅक बोटांवर मोजाव्यात. बाकी सगळ्या ठरलेल्या जागांवर फाटून येतात : तळाचे कोपरे, खांद्याच्या पट्ट्याचं मूळ, चेन, नाहीतर बाजूची शिवण. तुमच्याही फाटलेल्या दोन्ही जागा याच यादीतल्या आहेत, बघा.

डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. हजार डेनिअरचा धागा नऊ किलोमीटर उलगडला तर एक किलो भरेल. म्हणजे हा आकडा धाग्याच्या जाडीबद्दल बोलतो. विणकाम किती घट्ट आहे, मागचा लेप कसा आहे, शिवणाऱ्यानं काय दिवे लावलेत, यातलं काहीही तो सांगत नाही. नायलॉन असेल तर अंगाला ४२० ते ५०० डेनिअर आणि तळाला ८४० किंवा त्याहून जाड, एवढं कातळावर फिरणाऱ्या माणसाला भरपूर झालं. सगळी सॅक हजारची घेतलीत तर रिकाम्या सॅकचं वजनच जास्त वाहाल.

मागच्याच महिन्यात एक सॅक आली. हजार डेनिअरची, लेबलवर तसं ठळक छापलेलं. कापड नव्यासारखं, रंगसुद्धा उडालेला नाही, आणि उजवा पट्टा हातात. आतून अस्तर उसवलं तेव्हा कळलं : शिवणीला माया जेमतेम चार मिलिमीटर सोडलेली. कापडाचा काठ आणि टीप यांच्यामध्ये एवढीच पट्टी. ओझ्यानं ओढ बसली तसे काठाचे धागे एकेक करून टिपेखालून सरकत गेले आणि शेवटी कंगव्याच्या दातांसारखे नुसते लोंबत राहिले. दोरा शाबूत होता, कापडही शाबूत होतं; दोघांनी एकमेकांना सोडलं, एवढंच. जाड कापडात हे जास्त होतं, कारण जाड धागे कापलेल्या काठाला लवकर सुटतात.

म्हणून दुकानात गेलात की सॅक रिकामी करून आतली बाजू बाहेर काढा. दुकानदार बघत राहील, राहू दे. माया बोटाच्या रुंदीएवढी, निदान एक सेंटिमीटर तरी हवी. काठावरून पट्टी घालून गोट शिवलेला हवा, उघडे धागे दिसता कामा नयेत. एका सेंटिमीटरला तीन-चार टाके ठीक. फार दाट टाके बघून खूश होऊ नका. सुईनं इतकी भोकं पाडली की कापड तिकिटासारखं त्याच रेषेवर फाटतं. मग खांद्याच्या पट्ट्याकडे या. पट्टा सरळ शिवणीत खुपसून वरून एक टीप मारली असेल तर सॅक परत ठेवा. चांगल्या सॅकमध्ये पट्टा आधी कापडाच्या जाड तुकड्यावर शिवतात आणि तो तुकडा पाठीला चहूबाजूंनी. ओझं एका रेषेवर न येता पसरतं. शिवाय जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यात असतात तसे आडवे, गच्च टाके तिथे असायला हवेत. एका हातानं सॅक धरा, दुसऱ्या हातानं पट्टा जोरात ओढा आणि टीप बघा. टाक्यांची भोकं डोळे वटारल्यासारखी उघडली तर ती वर्षभरात माझ्याकडे येणार.

आता तळाचं. तो का जातो? आतून कॅरॅबिनरचा (क्विकड्रॉच्या टोकांना असते त्या कडीचा) धातू दाबतो, बाहेरून कातळ घासतो, आणि मधलं कापड जात्यात सापडल्यासारखं भरडलं जातं. आपण सॅक ठेवत नाही, टाकतो. चढून-उतरून दमलेला माणूस ती हळुवार ठेवेल अशी अपेक्षाही नाही. त्यामुळे तळ दुहेरी हवा आणि कोपऱ्यात, जिथे सगळा मार बसतो, नेमकी तिथेच शिवण नको. तळाचं कापड दोन्ही बाजूंनी वर चढवून शिवण चार बोटं वर घेतलेली असेल तर ती सॅक डिझाइन करणारा स्वतः कातळावर बसलेला आहे असं समजा. भरतानाही जरा अक्कल वापरायची : तळाशी जॅकेट आणि शूज; क्विकड्रॉ, कॅरॅबिनर वगैरे एका छोट्या पिशवीत घालून मध्यावर, पाठीला चिकटून; सगळ्यात वर रोप. पोचल्यावर पहिला तोच लागतो.

आणि तुमची सॅक फाटली त्याचं खरं कारण मला पत्रातच दिसलं : ३० लिटर. हिशेब करू. ९.८ मिलिमीटर जाडीचा रोप मीटरला ६३ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे ६० मीटरचे पावणेचार किलो. १२ क्विकड्रॉ सव्वा किलो. हार्नेस, शूज, हेल्मेट, बिलेचं (चढणाऱ्याचा रोप धरून ठेवायचं) सामान मिळून दीड. दोन लिटर पाणी दोन किलो. खाणं, जॅकेट, हाताला लावायचा चॉक, टेप धरा आणखी दीड. झाले दहा किलो. जागेचं बघा : तो रोप जराही फट न ठेवता रचता आला असता तर साडेचार लिटरच झाला असता, पण गुंडाळीत हवाच जास्त, त्यामुळे तो सहज दुप्पट-तिप्पट जागा खातो. तुम्ही रोज गुडघा रोवून सॅक बंद करत असणार. शिवणीवर आणि चेनवर ओढ बसते ती चालताना बसतेच, पण त्याहून जास्त या गुडघ्यानं बसते. ४० ते ४५ लिटरची घ्या. ६०ची नको, जागा दिसली की माणूस भरतो.

चेनबद्दल माझं मत जरा जुनाट आहे. पुढून पूर्ण उघडणारी सॅक सोयीची असते खरी, सूटकेससारखं सगळं समोर दिसतं. पण कातळावरची धूळ आणि चॉकची पावडर यांनी रनर (चेनचा सरकता भाग) आतून झिजतो, आणि एक दिवस चेन मागून उघडत येते. तेव्हा दातांना दोष देऊ नका, दात सहसा ठीक असतात. रनरच्या दोन्ही कडा पकडीनं अगदी हलक्या दाबल्या की चेन पुन्हा धरते. कायमचा उपाय म्हणजे रनर बदलणं, आणि ते दहा मिनिटांचं काम आहे. चेनचीच घेणार असाल तर ८ किंवा १० नंबरची बघा आणि जुन्या टूथब्रशनं झाडत जा. मला विचाराल तर तोंडाशी नाडी आणि वर झाकण. नाडी तुटली तर वाटेत कोणत्याही दोरीनं भागतं.

बाहेरच्या लूप आणि जाळ्या जितक्या कमी तितकं बरं. मीही सुरुवातीला क्विकड्रॉ बाहेर लटकवून, खुळखुळ वाजवत फिरायचे. झुडपातून उतरताना एक अडकला, मी पुढे, सॅक मागे, आणि मधल्या मध्ये लूप कापडाचा तुकडा घेऊन निघाला. मिरवायची हौस तिथेच फिटली.

घेण्याआधी सॅकमध्ये दहा किलो भरून, डोक्यावर हेल्मेट घालून मान वर करा. हेल्मेट झाकणाला आपटत असेल तर ती सॅक घालून चढता येणार नाही. कमरेचा पट्टा काढता येणारा हवा, नाहीतर हार्नेसवर येऊन बसतो.

प्रश्न : माझी बारा वर्षांची सॅक आतून चिकट झाली आहे आणि आंबूस वास येतो. धुऊन जाईल का?

उत्तर : नाही जाणार, कारण तो मळ नाही. कापडाच्या मागचा पॉलियुरेथेनचा लेप हवेतल्या दमटपणानं विघटित होतो, त्याचा तो वास. ओली सॅक गुंडाळून माळ्यावर टाकली की हे लवकर होतं. लेप परत येत नाही, पण कापड बहुतेक ठणठणीत असतं. कोमट पाणी, साधा साबण आणि भांडी घासायचा मऊ स्पंज घेऊन जेवढा निघेल तेवढा लेप खरवडून काढा आणि सावलीत वाळवा. वॉशिंग मशीन नको, ब्लीच तर नकोच. पुढे पावसात आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालायची, काम झालं. लेप पूर्ण निघेपर्यंत रोप मात्र त्यात ठेवू नका, सगळा चिकट होईल.

आणि एक विचारते : सॅक गाडीच्या डिकीत, बॅटरीच्या आसपास कधी ठेवली होती का? बॅटरीतलं ॲसिड नायलॉनला आतून खातं आणि वरून कधी कधी काहीच दिसत नाही. सॅक गेली तर दुसरी घेता येते. शंका असेल तर तिच्यातला रोप, स्लिंग (पट्टीचे शिवलेले फास) आणि हार्नेस मात्र वापरातून काढा. तिथे ‘एकदा बघू या’ नको.

प्रश्न : मल्टिपिचवर (एकापेक्षा जास्त टप्प्यांत चढायच्या कड्यावर) आम्ही सॅक दोरानं वर ओढून घेतो. वरच्या हँडलला दोर बांधला तर चालेल?

उत्तर : ते हँडल हातानं उचलण्यासाठी शिवलेलं असतं. एकट्या त्याच्यावर भरवसा नको. दोराचा फास हँडलमधून आणि दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांच्या वरच्या टोकांखालून घ्या, म्हणजे एक जागा उसवली तरी सॅक खालच्याच्या डोक्यावर जाणार नाही. पट्टे आत खोचून टाका. स्वतःला त्या हँडलमध्ये, क्षणभर टेकायलासुद्धा, क्लिप करायचं नाही.

पण उभी भिंत नसेल तर ओढताच कशाला? तिरक्या कातळावर तीनदा ओढलेली सॅक माझ्याकडे येते तेव्हा तिच्यात शिवायला काही उरलेलं नसतं. १५-२० लिटरची छोटी सॅक घ्या आणि मागून येणाऱ्याच्या पाठीवर द्या. रोज ओढायचंच असेल तर हॉल बॅग घ्या : जाड, लेप दिलेल्या गुळगुळीत कापडाची, बाहेर एकही खिसा नसलेली. आणि ओढताना सॅकच्या आधी गाठ घासली जाते, तिचीही सोय करा. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून तोंडातून दोर ओवा आणि तो नरसाळ्यासारखा गाठीवर उपडा बसवा. कड्यावर अडकणंही त्यानं कमी होतं.