वाचक विचारतात: भिंतीही हव्यात आणि रेकॉर्डीही

प्रश्न: नमस्कार ताई, मी मूळचा सांगलीचा, चार वर्षं झाली डेट्रॉइटजवळ नोव्हायला असतो (गाड्यांच्या कंपनीत, अजून कुठे असणार). शनिवार-रविवार डेट्रॉइटमध्ये जुन्या बिल्डिंगा आणि भिंतींवरच्या म्युरलचे फोटो काढत फिरतो, आणि हल्ली सोल म्युझिकच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) जुन्या रेकॉर्डींचा नाद लागलाय. बायको म्हणते दोन्हीतलं एक काहीतरी धर. तर तीन शंका. बिल्डिंगा फोटोत मागे कलंडल्यासारख्या का येतात? म्युरलच्या फोटोंचं कॅलेंडर छापून विकलं तर चालेल का? आणि रेकॉर्ड ओरिजिनल आहे हे कसं ओळखायचं, सांगलीला बाबांचा एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेयर आहे, त्यावर वाजवता येईल का?

उत्तर: वहिनींना आधी वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं २६४८ नंबरचं घर दाखवून आणा. १९५९ मध्ये बेरी गॉर्डीने हे साधं दुमजली घर घेतलं, त्याच्या मागच्या बाजूला आधी फोटो स्टुडिओ होता, तिथेच त्याने रेकॉर्डिंग स्टुडिओ केला आणि मोटाउन या त्याच्या सोल म्युझिकच्या रेकॉर्ड कंपनीची गाणी तिथून निघाली. आता म्युझियम आहे. म्हणजे तुमचे दोन्ही छंद एकाच छपराखाली नांदून गेलेत, अजून काय पुरावा पाहिजे!

बिल्डिंगा कलंडतात कारण आपण खाली उभे राहून फोन वर तिरका करतो. रस्ता ओलांडून लांब जा, फोन सरळ धरा, खालचा फुटपाथ जास्त येऊ दे आणि घरी येऊन कापा. गार्डियन बिल्डिंगच्या (१९२९) लॉबीत मात्र उलटं करायचं, फोन सरळ पाठीवर झोपवायचा, टायमर लावायचा आणि पुढच्या कॅमेऱ्याने छत घ्यायचं, त्या रंगीत टाइल्स हातात फोन धरून इतक्या सरळ कधीच येत नाहीत. आणि एक आगाऊ सल्ला, नुसती पडकी घरं काढत बसू नका, शेजारच्या घरात माणसं राहतात. मिशिगन सेंट्रल स्टेशन १९८८ ला बंद पडलं तेव्हापासून लोकांनी त्याच्या फुटक्या काचाच टिपल्या, २०२४ मध्ये फोर्डने ते दुरुस्त करून उघडलं, आता तेही काढा की.

कॅलेंडरचं म्हणाल तर बिल्डिंगचा रस्त्यावरून काढलेला फोटो विकायला अमेरिकेत अडचण नाही, पण म्युरल हे चित्र आहे, त्याचा हक्क सहसा चित्रकाराकडे असतो. २०१८ मध्ये मर्सिडीजने तुमच्याच ईस्टर्न मार्केटमधल्या म्युरलसमोर गाडी उभी करून फोटो इन्स्टाग्रामवर टाकले, चित्रकारांनी हरकत घेतली आणि प्रकरण कोर्टात गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं ते झालं तर तुमचं आमचं काय! भिंतीच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा सही असते, तिचा वेगळा क्लोजअप घेऊन ठेवा आणि विकायच्या आधी त्या माणसाला विचारा.

आता रेकॉर्ड. मोटाउनच्या निळ्या लेबलवर डेट्रॉइट परिसराचा नकाशा आणि शहराच्या जागी लाल तारा दिसला की नवशिका हुरळतो, पण तोच नकाशा पुढे कितीतरी वर्षं छापत होते, त्यामुळे त्यावर जाऊ नका. कव्हरवर बारकोड असेल तर साठच्या दशकातली ओरिजिनल नाहीच, ठेवून द्या. छोटी ४५ ची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) असेल तर दिव्याखाली तिरकी धरा आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर बघा, नंबराशेजारी बारीक ‘एआरपी’ (ARP) उमटलेलं असेल तर ती मिशिगनमधल्याच ओवोसोच्या कारखान्यात दाबलेली, आणि तो कारखाना १९७२ मध्ये जळाला, म्हणजे रेकॉर्ड त्याआधीची. शिक्का नसला म्हणून लगेच नकली समजू नका, दुसरीकडेही छापून घेत होते. चरा दिसला तर नखाने हलकेच बघा, नख अडकलं तर वाजताना टक् टक् होणार.

फिएस्टावर वाजेल, अमेरिकन ४५ चं भोक मोठं असतं म्हणून मधे बसवायचा प्लास्टिकचा अडॅप्टर तेवढा तिकडूनच घेऊन या. पण या जुन्या प्लेयरची सुई जड बसते आणि तुमच्याकडची बहुधा बाबांच्या काळातलीच असेल, ती आधी बदला. तोवर बाबांना घासलेल्या दोन-तीन स्वस्तातल्या द्या, चांगल्या रेकॉर्डी नोव्हायलाच राहू देत.