साडेनऊ लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि जवारीचा दोरा

प्रश्न: मी सरकारी बँकेत ३४ वर्षं नोकरी करून गेल्या महिन्यात, वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झाले. मिरजेत स्वतःचं जुनं घर आहे, माडीचं छत गळतं. पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून (एकरकमी घेऊन), ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि माझा फंड असे एकूण ७१ लाख हाती आले. विक्रीनंतरची पेन्शन ४७ हजार, घरखर्च ५५ हजार. यजमान ६४ वर्षांचे, त्यांना पेन्शन नाही. मुलगा बंगळूरला मार्गी लागला आहे. वडिलांनी जमवलेल्या तीनेकशे एलपी रेकॉर्डी माझ्याकडे आहेत. नऊ वर्षांपूर्वी मुलाने टर्नटेबल घेऊन दिला, तेव्हापासून रोज संध्याकाळी तासभर ऐकते. स्पीकर ८७ डेसिबलचे, कोपऱ्यात भिंतीला टेकलेले, खुर्चीपासून आठ फुटांवर; अ‍ॅम्प्लिफायर ६० वॉटचा, वीस वर्षं जुना. हल्ली तानपुरा नुसता घुमतो, जवारी (तारेचा तो झणत्कार) ऐकूच येत नाही. पुण्याच्या दुकानात मॅकिंटॉश कंपनीचा एमसी२७५ ऐकला आणि डोळे भरून आले. भाव साडेनऊ लाख, वर बारा महिन्यांचा बिनव्याजी हप्ता. दुकानदार म्हणाला, ही गुंतवणूक आहे. मुंबईचे एक गृहस्थ जुना जपानी क्लास ए सव्वाचार लाखांना देतात. मुलगा म्हणतो, नॅड कंपनीचा सी२९८ घे, दोन लाख दहा हजारांत काम होईल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळल्या, आता स्वतःसाठी एवढं करावं का? (ता. क. यजमानांच्या गुडघ्याचंही बघायचं आहे.)

उत्तर: ताई, नमस्कार. करावं, जरूर करावं. पण तीन लाखांच्या आत, आणि त्यातला पहिला रुपया अ‍ॅम्प्लिफायरवर खर्चू नका. एमसी२७५ आत्ता नको. जुना जपानी तर अजिबात नको.

आधी तुमच्या ७१ लाखांची वाटणी करू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ पासून तिथे ८.२ टक्के व्याज मिळतंय. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतील, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. पेन्शन धरून ६७,५०० झाले. घरखर्च भागून वर साडेबारा हजार उरतात, आणि नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर तुम्हाला प्राप्तिकर लागत नाही. आठ लाख दोघांच्या आजारपणासाठी ठेवीत राहू द्या. पत्राच्या शेवटी यजमानांच्या गुडघ्याचं एका ओळीत लिहिलंय, ते मी विसरलेलो नाही. शिवाय निवृत्तांच्या गट विम्याचा हप्ता आता स्वतःच्या खिशातून भरायचा आहे. पाच लाख अडीनडीला. माडीचं छत गळतंय, त्याला आणखी पाच लाख धरतो. जुन्या घराचं काम सांगितलेल्या आकड्यात कधी उरकत नाही. राहिले २३ लाख. त्यातले २० लाख म्युच्युअल फंडांत, टप्प्याटप्प्याने, वर्ष-दीड वर्षात. आणि ३ लाख तुमचे. त्याचा हिशेब ना मी मागणार, ना कुणी मागावा.

वीस लाखांच्या त्या कप्प्याला हात लावू नका असं मी का म्हणतो? बँकेच्या पेन्शनवर महागाईभत्ता वाढतो, पण मूळ पेन्शन आहे तिथेच राहते. विकलेला तिसरा हिस्सा परत सुरू व्हायला पंधरा वर्षं जायची, म्हणजे तुमचं वय तोवर ७५. मधली पंधरा वर्षं महागाईशी झुंजायला हाच एक कप्पा आहे. साडेनऊ लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा तर तीन लाखांच्या वरचे साडेसहा लाख इथूनच काढावे लागतील. वर्षाला ९ टक्के धरले (याची हमी कुणी देत नाही, हिशेबापुरतं धरतोय), तर पंधरा वर्षांत त्या साडेसहा लाखांचे २३ लाख ७० हजार होतात. ६ टक्के महागाई वजा केली तरी आजच्या किमतीत जवळजवळ दहा लाख. आणि देव न करो, पण तुमच्यामागे यजमानांना मिळेल ते कुटुंब निवृत्तिवेतन तुमच्या पेन्शनहून कमी असेल. त्यांच्या उतारवयाची सोय याच कप्प्यात आहे. माझा नकार यासाठी आहे. एमसी२७५ मध्ये खोट आहे म्हणून नाही.

आता ज्यासाठी तुम्ही एवढं मनाला लावून लिहिलंत, त्या आवाजाकडे वळू. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला थांबवून गेलं: ‘हल्ली जवारी ऐकूच येत नाही.’ म्हणजे पूर्वी येत होती. अ‍ॅम्प्लिफायर तोच, स्पीकर तेच, खोली तीच. मग बदललं काय?

तुम्ही मिरजेच्या. सतारमेकर गल्लीत जवारी लावताना तुम्ही पाहिलं असेलच. मी पाहिलंय. कारागीर तानपुरा मांडीवर आडवा घेतो, घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो आणि तार छेडत तो केसभर पुढे, केसभर मागे करतो. तार मुकी, मुकी, मुकी, आणि एका जागी एकदम उघडते. लाकूड तेच, तार तीच. सगळी करामत तार जिथे टेकते त्या जागेची. रेकॉर्ड वाजवताना अशी टेकायची जागा म्हणजे सुईचं टोक. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चांगली चालते. तुमचा टर्नटेबल नऊ वर्षं रोज तासभर वाजतोय. तीन हजारांवर तास झाले. सुई बदलल्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. झिजलेली सुई आधी वरच्या पट्टीतले बारकावे गमावते, आणि जवारीचा सगळा झणत्कार तिथेच असतो. खाली उरतो तो घुमारा. त्याहून वाईट म्हणजे, अशी सुई वडिलांच्या रेकॉर्डींचे खाचे कायमचे खरवडते. ते नुकसान कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरने भरून येणार नाही. म्हणून नवी सुई येईपर्यंत त्या रेकॉर्डी वाजवू नका, ही कळकळीची विनंती.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१४ साली मीही मुदतठेव मोडून एक लाख चाळीस हजारांचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. घरी जोडला, आणि आवाजातला तो चरचरीतपणा जसाच्या तसा. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) काढून भिंगाखाली धरलं आणि मला बघायला सांगितलं. टोकाला दोन्ही बाजूंनी सपाट चकत्या पडल्या होत्या. सुई बदलली त्या रात्री आम्ही घरातली सगळी मंडळी एकपर्यंत ऐकत बसलो होतो. मोडलेल्या ठेवीचं व्याज गेलं ते गेलंच.

तेव्हा पहिली खरेदी सुईची. तुमच्या कार्ट्रिजला बसणारी चांगली सुई बहुतेक काही हजारांत मिळते. दुसरं काम फुकटाचं. स्पीकर कोपऱ्यात भिंतीला टेकून आहेत असं लिहिलंत. कोपरा खर्ज फुगवतो. मुलगा आला की ते दोन्ही भिंतींपासून दोन-अडीच फूट पुढे ओढून घ्या, आणि शहाबादी फरशीवर तुमच्या खुर्चीपुढे जाड सतरंजी अंथरा. मग महिनाभर ऐका.

वॉटचं कोडंही इथेच सोडवतो, कारण दुकानदार तुम्हाला तिथेच गाठतो. तुमचा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतो. तुमची खुर्ची आठ फुटांवर. अंतरापोटी साधारण ८ डेसिबल गेले, दोन स्पीकर म्हणून ३ परत आले, म्हणजे एका वॉटमध्ये खुर्चीपाशी ८२ डेसिबल. ख्याल ऐकायला ७५ पुष्कळ झाले, त्याला पाव वॉटही लागत नाही. तबल्याची एखादी जोरकस थाप ९५ पर्यंत उसळली, तर २० वॉट. तुमच्याकडे ६० आहेत. आणि वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणजे ताकद कमी पडते म्हणून तुम्हाला नवीन काहीच घ्यायला नको.

तरीही नवीन घ्यावंसं वाटलं, तर तिन्ही पर्यायांबद्दल माझं मत सांगतो.

एमसी२७५ हा नावाजलेला गडी आहे. १९६१ पासूनची रचना, अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनमध्ये बनतो, एका बाजूला ७५ वॉट. दुकानात तुमचे डोळे भरून आले ते खरंच होतं, त्याला मी भ्रम म्हणणार नाही. पण त्या दिवशी टर्नटेबल, सुई, स्पीकर, खोली सगळंच वेगळं होतं. त्यात अ‍ॅम्प्लिफायरचा वाटा किती, हे तिथे बसून कुणालाच सांगता यायचं नाही. एमसी२७५ मध्ये केटी८८ नावाचे चार मोठे आणि सात लहान व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) आहेत. केटी८८ दोन-तीन हजार तासांनी बदलावे लागतात. रोज तासभर ऐकलंत तर हा खर्च साडेपाच ते आठ वर्षांनी येईल, फार नाही. वजन मात्र सुमारे ३० किलो. सांगली-मिरजेत तो उघडून बसणारा माणूस आधी शोधावा लागेल, नाहीतर दर बिघाडाला पुण्याची गाडी.

जुन्या जपानीचं वेगळंच. क्लास ए म्हणजे गाणं सुरू असो वा नसो, आतून पूर्ण प्रवाह वाहत राहतो, सगळा वेळ तापतो. पंधरा-वीस वर्षं तसं तापलं की कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकतात, आणि ते सगळे बदलायचं काम स्वस्त नसतं. आणखी एक: जपानच्या घरगुती बाजारातलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, आपली वीज २३० ची. त्या गृहस्थांकडून मागच्या पाटीचा फोटो मागवा, म्हणजे कळेल. बिल नाही, वॉरंटी नाही, परतीची सोय नाही. सव्वाचार लाख म्हणजे तुमच्या नऊ महिन्यांच्या पेन्शनहून जास्त. ती अशी लावायची नाही.

नॅड सी२९८ वर माझं मन बसतं. डेन्मार्कच्या प्युरिफीचं आयगनटाक्ट हे क्लास डी (प्रवाह झपाट्याने चालू-बंद करणारं) तंत्र त्यात आहे, एका बाजूला १८५ वॉट, विकृती इतकी कमी की कानाला तिचा पत्ता लागू नये. तापत नाही, वीज कमी खातो. उणीवही सांगतो: त्यातला मुख्य भाग बिघडला तर डाग देऊन दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागतो. म्हणून अधिकृत आयातदाराचं बिल आणि वॉरंटी असेल तरच घ्या. शिवाय हे तिन्ही नुसते पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आहेत. त्यांना पुढे प्रीअ‍ॅम्प्लिफायर (आवाज कमी-जास्त करणारा भाग) लागतो, आणि फोनो स्टेजही (सुईचा क्षीण संकेत वाढवणारा भाग). दुकानदाराच्या साडेनऊ लाखांत ते धरलेत का, हे विचारलंत का? तुमच्या जुन्या यंत्रामागे ‘प्री आउट’ लिहिलेल्या खाचा असतील, तर त्यालाच प्री म्हणून वापरता येईल, आणि नॅडचा हिशेब दोन लाख दहा हजारांतच राहील.

घेण्याआधी घरी आणून तुलना करायची परवानगी मागा. ज्याचा आवाज किंचित मोठा तोच कानाला सरस वाटतो, भल्याभल्यांना. म्हणून मुलाला १०० हर्ट्झचा सूर लावून, मल्टिमीटरने स्पीकरच्या तारांवरचे व्होल्ट मोजायला सांगा. जुन्यावर २.०० आले, तर नव्यावर १.९६ ते २.०४ मध्ये आणायचे. तारा बदलताना दोन्ही यंत्रं बंद. मग तुम्ही पाठ करून बसा, कुठलं चालू आहे हे मुलाने सांगायचं नाही. तुम्ही ३४ वर्षं बिनचूक हिशेब तपासलेत, आणि लहानपणापासून मिरजेच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीतलं गाणं ऐकत आलात. तुमच्या कानावर माझा माझ्या कानाहून जास्त विश्वास आहे. दहापैकी नऊ वेळा ओळखलंत, तर घ्या.

दुकानदार ‘ही गुंतवणूक आहे’ म्हणाला, ते मनातून काढून टाका. घरात वापरायची वस्तू प्राप्तिकराच्या लेखी भांडवली मालमत्ता नाही. नफ्यावर कर नाही हे खरं, पण तोट्याची वजावटही नाही. आणि बिनव्याजी हप्त्याचं व्याज कुठेतरी भावात असतंच. ‘आज रोख दिले तर किती?’ एवढंच विचारा. त्यांनी कमी आकडा सांगितला, तर फरकाची रक्कम म्हणजेच ते व्याज.

बचत योजनेचं खातं मात्र या आठवड्यातच उघडा, यजमानांच्या जोडीने, आणि नामनिर्देशन भरल्याची खूण पासबुकात बघून घ्या. टपाल कार्यालयात चालतं, तुमच्याच जुन्या शाखेतही चालेल. सुई मागवताना कार्ट्रिजवरचा क्रमांक नीट वाचून घ्या. अक्षर बारीक असतं, मोबाइलने फोटो काढून मोठं करून बघा.